एक पायरी वर

घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनरीच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर एक वधूवर सूचक केंद्र आहे. तिथं खिडकीजवळच्या टेबलाशी वनमालाबाई धुरी सत्तावीस वर्षं बसल्या. एवढ्या काळात त्यांनी किती मुलींचे फॉर्म भरले याची मोजदाद कुणी ठेवली नाही. पण एक गोष्ट नक्की होती. 'वर्ण' या रकान्यात 'काळी' हा शब्द त्यांच्या पेनातून कधी उतरला नव्हता.

वनमालाबाईंच्या मनात या रकान्याच्या पाच पायऱ्या होत्या. गोरीपान, गोरी, निमगोरी, गहूवर्णी आणि सावळी. सावळीच्या खाली आणखी एक पायरी होती. ती सगळ्यांना ठाऊक होती आणि तिचं नाव कुणी लिहीत नव्हतं. नियम असा, की येईल त्या मुलीला एक पायरी वर चढवायचं. सावळी असेल तर गहूवर्णी, गहूवर्णी असेल तर निमगोरी. केंद्राच्या मालकीणबाई सुलक्षणा पाटणकर यांनी पहिल्याच भेटीत हा नियम तोंडी सांगून टाकला होता.

"खोटं नाही हो लिहायचं," त्या म्हणाल्या होत्या. "नुसती एक पायरी वर. मुलाकडचेसुद्धा एक पायरी कमी धरूनच वाचतात. म्हणजे शेवटी मुलगी आपल्या जागेवरच येते की नाही?"

वनमालाबाईंना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. लिहिणाऱ्याला माहीत, वाचणाऱ्याला माहीत, मग फसवणूक कुणाची? पुढं घाटकोपर-मुलुंडची गुजराती, हिंदी, तमिळ घरंही केंद्रात येऊ लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ही सोय सगळ्यांनीच करून ठेवली आहे. गुजराती आई म्हणे, 'घउंवर्णी लखो ने'. उत्तरेकडचे वडील 'गेहुआँ' म्हणत आणि शिकलेल्या मुली स्वतःच 'व्हीटिश' लिहून आणत. मुलुंडच्या एका तमिळ बाईंनी 'मानिरम' असा शब्द सांगितला. तो आंब्याच्या कोवळ्या पानाचा रंग, असं त्यांनी हातवारे करून समजावलं. वनमालाबाईंनी ऐकून घेतलं आणि फॉर्मवर 'गहूवर्णी' लिहिलं. मुलांच्या फॉर्मवरही हा रकाना होता. तो बहुतेक वेळा रिकामा असे आणि रिकामा का, असं कुणी विचारत नसे.

खरं म्हणजे वनमालाबाई केंद्रात नोकरी मागायला गेल्याच नव्हत्या. १९९६ साली त्या गेल्या होत्या धाकट्या बहिणीचं, शकूचं, नाव नोंदवायला.

भटवाडीतल्या डोंगरउतारावर धुऱ्यांची दहा बाय बाराची खोली होती. वडील गिरणीत होते. गिरणी गेली आणि मागोमाग तेही गेले. वनमालाबाईंचं लग्न बाविसाव्या वर्षी झालं आणि एकोणतिसाव्या वर्षी त्या विधवा होऊन, मूलबाळ नसताना, याच खोलीत परत आल्या आणि माहेरचं नाव लावू लागल्या. मागं आई आणि शकू. वनमालाबाई वडिलांच्या वळणावर गेलेल्या. गव्हाच्या पिठासारखा रंग, अगदी शब्दशः गहूवर्णी. शकू आईवर गेलेली. आई मालवणकडची, स्पष्ट बोलणारी.

"वनमाळा, हिचा काय खरा नाय," आई म्हणायची. "बघूक येतले, पण न्हेवक कोण येवचो नाय. रंग माझो घेतल्यान."

"मग तुला कोणी नेलं?" शकू विचारायची.

"तुझ्या बापाक रात्री दिसत नाय होता!" आई म्हणायची आणि तिघी हसायच्या.

मरताना मात्र आई हसली नाही. शकूचा हात वनमालाबाईंच्या हातात देऊन तिनं एवढंच म्हटलं, "हिका सांभाळ." मग वनमालाबाईंनी केंद्रातून फॉर्म आणला आणि एका रविवारी सकाळी पाटावर ठेवून भरायला घेतला. शकू तेव्हा पंचवीस वर्षांची. शिवणयंत्रावर साडीला फॉल लावत बसली होती.

"वर्ण काय लिहितेस?" यंत्र थांबवून तिनं विचारलं.

"गहूवर्णी."

शकू उठून आली, वाकून बघितलं. "ताई, शेतात उभा गहू तू कधी बघितलायस?"

"नाही."

"मीपण नाही. आपल्या गावाला पिकते नाचणी. नाचणीवर्णी लिही. पौष्टिक तरी वाटेल."

"गप गं. सगळे लिहितात."

"सगळे एक पायरी चढवतात म्हणालीस. तू मला दोन चढवलीस. मधेच कुठं पाय घसरला म्हणजे?"

वनमालाबाई पुढचा रकाना भरू लागल्या. स्वतःचाच रंग त्यांनी बहिणीला देऊन टाकला होता, आणि त्यात काही गैर केलं असं त्यांना वाटलं नाही. एखादी चांगली साडी दिली असती तसंच ते होतं.

फॉर्म देताना सुलक्षणाबाईंना वनमालाबाईंचं अक्षर आवडलं. दुसऱ्याच आठवड्यात त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या.

शकूला बघायला तीन वर्षांत अकरा स्थळं आली. अकरावं कांदिवलीचं. मुलाच्या आईनं पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली आणि वनमालाबाईंकडे बघून म्हणाली, "केंद्रात नोकरीला आहात म्हणून वाट्टेल ते लिहाल का हो? गहूवर्णी म्हणे! एक पायरी आम्हीपण समजून घेतो. पण हे जरा अतीच झालं."

ती माणसं गेल्यावर शकूनं त्यांच्या बशीतले पोहे खाल्ले. मग म्हणाली, "ताई, आता बस. तो फॉर्म फाडून टाक. मला दर वेळी आपण चोर असल्यासारखं वाटतं. मी काही चोरलेलं नाही."

फॉर्म फाडला गेला नाही, पण स्थळं थांबली. त्यानंतरची चोवीस वर्षं दोघी बहिणी त्या खोलीत राहिल्या. वनमालाबाई सकाळी दहाला केंद्रात जात, सातला परत येत. शकू घरी फॉल-पिको करी, ब्लाउज शिवी. एकदा यंत्राची सुई तिच्या डाव्या अंगठ्यातून आरपार गेली. ते नख मधोमध दुभंगलं आणि पुन्हा कधी सांधलं नाही. पंचेचाळिशीनंतर तिला साखरेचा विकार जडला. गोळ्या सुरू झाल्या. संध्याकाळी ताई आली, की शकू विचारी, "आज कितीजणींना चढवलंस?"

"चार."

"सुखी राहू देत."

२०२३ सालच्या गणपतीत दोघी कांदिवलीला नितेशकडे गेल्या होत्या. नितेश हा त्यांच्या चुलतभावाचा मुलगा, एका औषध कंपनीत कामाला. त्याची बायको प्रांजल फोटो काढण्यात हौशी. तिनं गणपतीपुढं शकूला बसवून फोटो काढला आणि फोन तिच्या हातात दिला. फोनमधल्या फोटोत शकूचे गाल गुळगुळीत झाले होते, सुरकुत्या गेल्या होत्या आणि रंग दुधात कालवल्यासारखा झाला होता.

"ही कोण बया?" शकूनं विचारलं.

"आत्या, तुम्हीच! फिल्टर आहे. आपोआप लागतो."

"मी हिला ओळखत नाही बाई," शकू म्हणाली. "रस्त्यात भेटली तर बाजूला होऊन वाट देईन."

वनमालाबाईंना मात्र फोटो आवडला. "छान आलाय. मला पाठव गं," त्या प्रांजलला म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी, दहा ऑक्टोबरला, मंगळवारी, शकू कुर्ल्याला लेस आणायला निघाली. नवरात्र पाच दिवसांवर होतं. घाटकोपरच्या गुजराती मुलींचे घागरे तिच्याकडे आले होते आणि सोनेरी लेस संपली होती. मंगळवारचा उपास होता. साखरेची गोळी मात्र तिनं सवयीनं घेतली होती. ऑक्टोबरचं ऊन सकाळी अकरालाच डोक्यावर आलं होतं. वनमालाबाईंच्या केंद्राला त्या दिवशी सुट्टी होती. त्या दारातून म्हणाल्या, "छत्री घे. उन्हानं रापशील."

"आता काय रापायचं शिल्लक आहे?" शकू म्हणाली, हसली आणि पायऱ्या उतरून गेली. वनमालाबाईंनी तिला बघितलं ते तेवढंच.

चार वाजेपर्यंत ती आली नाही. फोन बंद लागत होता. वनमालाबाईंनी बस पकडून कुर्ला गाठलं. लेसवाल्यानं सांगितलं, की बाई आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नितेशला घेऊन त्या पोलीस ठाण्यात गेल्या.

तिथं हवालदार भीमराव खरात मिसिंगचं काम बघत होते. पन्नाशीचे, जालन्याकडचे, रुंद हाडाचे. त्यांनी छापील फॉर्म पुढं ओढला. फॉर्म बघून वनमालाबाईंना थोडा धीर आला. रकान्यांशी त्यांची ओळख होती.

"नाव?"

"शकुंतला गंगाराम धुरी."

"वय?"

"बावन्न."

"उंची?"

"पाच फूट एक इंच."

"बांधा?"

"मध्यम."

"रंग?"

"गहूवर्णी."

एक क्षणही थांबावं लागलं नाही. सत्तावीस वर्षं या प्रश्नाला तोंडानं जे उत्तर दिलं होतं, तेच त्यानं दिलं. नितेशनं आत्याकडे एकदा बघितलं. मोठ्या माणसांच्या समोर, आणि तेही अशा वेळी, घरातल्या बाईला काळी कशी म्हणायची?

भीमरावांनी तसं लिहून घेतलं. त्यांच्या कामात पायरी वर-खाली करायची पद्धत नव्हती. जे सांगितलं ते लिहायचं आणि जे लिहिलं ते जसंच्या तसं वाचायचं.

"पेहराव?"

"चॉकलेटी रंगाची सुती साडी."

"ओळखीची खूण?"

"डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं आहे."

"फोटो?"

वनमालाबाईंनी गणपतीतला फोटो दिला.

त्या मंगळवारी काय झालं होतं ते पुढं कळलं. कुर्ल्याला बसमधून उतरल्यावर रिकाम्या पोटी शकूची साखर घसरली. ती चक्कर येऊन रस्त्यावर पडली आणि मागून येणाऱ्या टेम्पोचा धक्का डोक्याला बसला. पर्स कुणीतरी नेली. एका रिक्षावाल्यानं तिला पालिकेच्या एका रुग्णालयात पोचवलं. तिथं कपडे कापून काढावे लागले. डोक्याला पट्ट्या बांधल्या, डाव्या हाताला सलाइन आणि त्यावर बोटांपर्यंत चिकटपट्टी. केसपेपरवर लिहिलं गेलं: अनोळखी स्त्री, वय अंदाजे साठ, बांधा मध्यम, वर्ण काळा, बेशुद्ध.

वनमालाबाई पद्धतशीर बाई. त्यांनी एका वहीच्या पानावर रेघा मारल्या. रुग्णालय, वेळ, कोण बोललं, उत्तर. मग मुलुंडपासून सायनपर्यंत एकेका ठिकाणी फोन लावायला सुरुवात केली. गुरुवारी दुपारी सव्वाबाराला त्यांचा फोन त्याच रुग्णालयात लागला. पलीकडे एक घाईतली नर्स होती.

"अनोळखी बाई कुणी आलीय का हो, मंगळवारपासून? बावन्न वर्षांची, गहूवर्णी, मध्यम बांधा."

"थांबा." कागद चाळल्याचा आवाज आला. "एक आहे. बेशुद्ध आहे. पण ती साठीची दिसते. आणि काळी आहे."

"काळी?"

"हो. चांगलीच काळी आहे. तुमचीच आहे का? येऊन बघता का?"

वनमालाबाईंच्या हातात पेन तयार होतं. पुढं कितीतरी दिवस त्यांनी तो क्षण उलटसुलट करून बघितला. तेव्हा मनात काही शंका आली होती का? नव्हती. तो शब्द ऐकला आणि डोळ्यांपुढं दुसरीच कुणीतरी बाई आली. उन्हातान्हात काम करणारी, कुणाचीच नसलेली. ती शकू कशी असेल? शकूला त्या शब्दानं घरात कुणी हाक मारली नव्हती.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "ती नव्हे. आमची गहूवर्णी आहे."

"बरं," म्हणून नर्सनं फोन ठेवला. वनमालाबाईंनी चौथ्या रकान्यात लिहिलं: नाही.

तरी शनिवारी नितेश त्या भागातल्या तीन रुग्णालयांत जाऊन आला. तिथंही गेला. बायकांच्या वॉर्डात त्याला सोडलं नाही. दारावरच्या नंदा नावाच्या आयानं त्याच्या हातातला फोन घेतला, फोटो नीट निरखला, आत जाऊन एक फेरी मारून आली.

"एवढी गोरी कोणी नाय रे बाबा आत," ती म्हणाली. "डोक्याला पट्ट्या असलेली एक हाय, पण ती लय काळी हाय. तुजी कोन?"

"आत्या."

"देवीला नवस बोल. गावल."

नितेशनं घरी येऊन तेच सांगितलं. वनमालाबाईंनी वहीत दुसऱ्यांदा 'नाही' लिहिलं.

रविवारी घट बसले. रोजचा एक रंग पेपरात छापून येऊ लागला आणि घाटकोपरच्या बायका त्या त्या रंगाच्या साड्या नेसून रस्त्यावर दिसू लागल्या. बँकेत, भाजीवाल्यांकडे, बसथांब्यावर एकच रंग. वनमालाबाई रोज दुपारी कुर्ल्याच्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहत. सगळ्या सारख्या साड्यांतून त्या एकेक चेहरा बघत. घरी यंत्राशेजारी घागऱ्यांचा ढीग तसाच होता. मुली येत, दारातून डोकावत आणि अर्धवट शिवलेला आपापला घागरा हळूच उचलून नेत.

भीमरावांना त्या दिवसाआड फोन करीत.

"ताई, गहूवर्णी, पन्नास-पंचावन्न अशी अजून कुठं मिळाली नाही," ते सांगत. "मिळाली की पहिला फोन तुम्हालाच."

शुक्रवारी, वीस तारखेला पहाटे, ती अनोळखी स्त्री वारली. बेशुद्धीतून ती बाहेर आलीच नाही, असं कागद सांगतात. नंदा आयानं नंतर नितेशला सांगितलं, की मधे दोनदा तिनं डोळे उघडले होते आणि काहीतरी पुटपुटली होती. "ताई, ताई करत हुती. आमाला वाटलं, सिस्टरला हाक मारतीय."

दसरा झाला. गुरुवारी, सव्वीस तारखेला, भीमराव आपल्या टेबलाशी दोन कागद घेऊन बसले होते. बेवारस मृतदेहांची विल्हेवाट लावण्याआधी मिसिंगशी एकदा ताडून बघायची त्यांची सवय होती. रंग जुळत नाही म्हणून बाजूला पडलेला कागद त्यांनी पुन्हा वर घेतला. शवविच्छेदनाच्या टिपणात शेवटी एक ओळ होती: डाव्या अंगठ्याचे नख मध्यभागी दुभंगलेले, जुने.

त्यांनी वनमालाबाईंना फोन केला.

"ताई, एक विचारतो. राग मानू नका. तुमची बहीण गहूवर्णीच होती ना?"

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"ताई?"

"साहेब," वनमालाबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय मिळालंय?"

शवागारात नितेश बरोबर होता. कपडा बाजूला केला तेव्हा त्यानं तोंड फिरवलं. वनमालाबाईंनी फिरवलं नाही. त्यांनी आधी अंगठा बघितला. मग चेहरा बघितला. थंडीत ठेवलेला तो चेहरा नेहमीपेक्षा गडद झाला होता, पण फार नाही. ती शकू होती. आईचं नाक, आईची हनुवटी, आईचा रंग.

"हीच," त्या म्हणाल्या.

दुपारी त्या पोलीस ठाण्यात बसल्या होत्या. समोर भीमराव, मधे कागद. बाहेर कुणीतरी मोठ्यानं मोटारसायकलची चौकशी करीत होतं.

"ताई, एक अडचण आहे," भीमराव म्हणाले. "मिसिंगमध्ये रंग गहूवर्णी आहे, पंचनाम्यात काळा. दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत असा तुमचा जबाब लागेल. त्याशिवाय ताबा देता येत नाही. तुमच्या शब्दांत सांगा, मी लिहितो. मयताचा रंग?"

वनमालाबाईंनी ओठ पुसले.

"सावळा," त्या म्हणाल्या.

बोलल्या आणि त्यांच्याच लक्षात आलं. आत्तासुद्धा. शकू थंड लोखंडावर पडलेली आणि त्यांनी तिला पुन्हा एक पायरी वर चढवली होती.

भीमरावांनी पेन कागदावर टेकवलं नव्हतं. ते म्हणाले, "आमच्या जालन्याकडं ना ताई, काळी म्हटलं की लोकांना जमीन आठवते. आमची चार एकर काळी आहे, असं छाती काढून सांगतात. मी मुंबईत आलो तेव्हा मला समजेना, या शब्दाला इथं सगळे एवढे का बिचकतात. माझी बायको तुमच्या बहिणीच्याच रंगाची आहे."

वनमालाबाईंनी मान वर केली. "काळी," त्या म्हणाल्या. "लिहा. माझी बहीण शकुंतला रंगानं काळी होती. जन्मापासून काळी होती. गहूवर्णी हे मी सांगितलं, ते खोटं होतं."

भीमरावांनी लिहिलं.

"पुढं लिहा. गुरुवारी बारा तारखेला दुपारी सव्वाबारा वाजता रुग्णालयातून मला सांगण्यात आलं, की एक काळी बाई आहे, येऊन बघा. ती जिवंत होती. मी म्हटलं, ती नव्हे."

"हे नको ताई. या जबाबाला त्याची गरज नाही."

"मला आहे."

"यानं काय बदलणार आहे? उगाच तुमच्यावरच—"

"आत्या, राहू दे ना," नितेश म्हणाला.

"लिहा, साहेब. त्यानंतर आठ दिवस ती तिथं होती. बसनं वीस मिनिटं लागतात."

भीमरावांनी तेही लिहिलं. मग पद्धतीप्रमाणं जबाब वाचून दाखवला. रंगाचं वाक्य त्यांनी सरळ वाचलं. सव्वाबाराच्या वाक्याशी त्यांचा आवाज खाली गेला आणि बाहेरच्या मोटारसायकलीच्या भांडणात तो नीट ऐकूही आला नाही. वनमालाबाईंनी आपल्या वळणदार अक्षरात सही केली.

"फाइलला एक फोटो लावायचा आहे," भीमराव म्हणाले. "हयातीतला. आधी दिलेला आहे, पण त्यात ओळख पटत नाही. दुसरा द्या."

दुसरा म्हणजे कुठला? नितेश फोनमध्ये शोधू लागला. वनमालाबाई आठवू लागल्या. १९९६चा स्टुडिओतला होता. तो केंद्रासाठी काढला होता आणि फोटोवाल्याला त्यांनी स्वतः सांगून उजळ करून घेतला होता. आधार कार्डावरचा होता. त्यात चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग होता. वनमालाबाईंच्या लग्नातल्या फोटोंत शकू कडेला, कुणाच्या तरी खांद्यामागं. प्रांजलच्या फोनमध्ये गणपतीतले सात फोटो होते आणि सातही त्या अनोळखी बयेचे होते.

"नाहीये," शेवटी वनमालाबाई म्हणाल्या. "एकही नाही."

"मग पंचनाम्यातलाच लावतो." भीमरावांनी पाकिटातून शवागारातला फोटो काढला आणि टाचणी शोधू लागले. सरकारी कॅमेरा, पांढरी ट्यूबलाइट. काही कमी-जास्त न केलेला. डोळे मिटलेले, कपाळावर पट्टीचा ठसा, आणि रंग जसा होता तसा.

वनमालाबाईंनी हात पुढं केला. फोटो घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"साहेब, याची एक प्रत मला मिळेल?"

"ताई, हा कशाला? घरात ठेवण्यासारखा नाही तो."

"मिळेल का?"

"अर्ज द्यावा लागेल," भीमराव म्हणाले.

वनमालाबाईंनी त्यांच्याकडून कोरा कागद मागून घेतला. समास सोडला, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली आणि विषयाच्या ओळीवर लिहायला सुरुवात केली.